कमरपट्टा विरघळवणारा माणूस

न्हाव्याकडं जाऊन केस कापून घ्यायचे आणि कापलेले केस गाठोड्यात बांधून घरी आणायचे, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जाताना तो स्वतःचा पंचा घेऊन जायचा, न्हाव्याला तोच गळ्याभोवती बांधायला लावायचा, आणि येताना पंच्याची चारही टोकं धरून, प्रसादाचं ताट आणावं तसा जपून चालत यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, करणीला भीत असेल बिचारा. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, यात सोनं आहे."

मी तोंडाला पदर लावला. हसू आवरायला नाही. घरात वेडा भाडेकरू घेतला, आणि त्याला घ्यायचा हट्ट आपलाच होता, हे कळल्यावर बाई दुसरं काय करणार?

ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आमचं घर कामतघरला. पुढं आठ लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड, मध्ये आम्ही, मागं त्याला दिलेली पत्र्याची एक खोली आणि तिच्यापलीकडं पडीक जमीन. शेड आमचे हे बघायचे, आम्हाला सासूबाई बघायच्या, आणि मी शेहेचाळीस वर्षांची, जगातली सगळ्यात हुशार बाई होते. तसं कुणी मला म्हणालं नव्हतं. माझं मलाच माहीत होतं.

तो घाटावरचा. घराणं झारेकऱ्यांचं, म्हणजे सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून नेऊन, धुऊन, तिच्यातला कण न् कण काढणाऱ्यांचं. स्वतः मात्र घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांच्या हातात मोबाइल आले, घड्याळं पेटीत गेली, आणि हा पुन्हा वाडवडलांच्या धुळीकडं वळला. फक्त आता धूळ परदेशी होती. दापोड्याच्या गोदामांत बाहेरचं भंगार उतरायचं, त्यात जुन्या मनगटी घड्याळांच्या पट्ट्यांची पोती असायची. ताणले की लांब होणारे, सोडले की चावणारे पिवळे पट्टे. ते तो किलोवर आणायचा. गल्लीनं त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं. कचेरीतल्या शिपायालाही पट्टेवालाच म्हणतात, त्यामुळं नवखा पाहुणा त्याला खुशाल पाणी आणायला सांगायचा. तो आणून द्यायचा, आणि देताना पाहुण्याचं मनगट बघून घ्यायचा. तोंडाकडं तो शेवटी बघायचा, वेळ उरला तर.

पट्ट्याच्या मागं बारीक अक्षरं कोरलेली असतात. ती वाचायला त्यानं मला शिकवलं. "जी एफ लिहिलेलं असेल तर ठेवा वहिनी. तो पितळेवर दाबून बसवलेला सोन्याचा पत्रा. नुसतं पाणी चढवलेलं असेल तर टाका. ते सोनं नव्हे, सोन्याची आठवण आहे."

आधी पक्कड घेऊन आतल्या पोलादी स्प्रिंगा काढायच्या. मग उरलेली पिवळी टरफलं काचेच्या बरणीत घालून, पडीक जागेत वाऱ्याची दिशा बघून वर तेजाब सोडायचं. तांबूस धूर निघायचा, पाणी हिरवंगार व्हायचं. दुसऱ्या दिवशी पितळ साफ नाहीसं, आणि तळाशी कांद्याच्या सालीसारखे पातळ पिवळे पापुद्रे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी "अगं बाई" म्हणून खाली बसले ती बसलेच. एवढं भरीव पितळ गेलं कुठं?

"धातू कुठं जात नाही," तो म्हणाला. "दिसेनासा होतो, एवढंच."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणूनच ते केस. म्हणूनच नखं एका डब्यात. वर्षातून एकदा तो स्वतःची केरसुणी, पायपुसणं आणि चपला जाळायचा आणि राख धुवायला बसायचा. नव्या चपला पायात घालताना म्हणायचा, "आता या वर्षभर पिकू दे." त्या राखेतून मोहरीएवढा पिवळा दाणा निघालेला मी डोळ्यांनी पाहिला, तेव्हापासून आमचं पायपुसणंही जाळावं का, या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती.

खोटं मात्र त्याला बोलता येत नसे. धामणकर नाक्याला एकदा शेअर रिक्षात मी, तो आणि एक नवी नवरी सासूबरोबर. नवरीच्या गळ्यात दोन पदरी हार. याची नजर तिथं गेली आणि मी मनात म्हटलं, संपलं. "ताई, हा मुलामा आहे," तो अगदी मायेनं म्हणाला. "घामानं उतरेल. उन्हाळ्यात घालू नका." सासूनं सुनेकडं बघितलं, सुनेनं रस्त्याकडं. पुढच्या वळणावर सासूनं रिक्षा थांबवून याला उतरवलं. याच्याबरोबर म्हणून मलाही. घरापर्यंत चालत आलो. वाटेत मी चार शिव्या दिल्या तर म्हणतो, "पण मुलामाच होता ना, वहिनी?"

आणि पितृपक्षातली गोष्ट तर मी आजवर कुणाला सांगितली नाही. काही पट्ट्यांवर माणसांची नावं कोरलेली असायची. जॉर्ज, हॅरल्ड, एडना, अशी. नोकरीतून निवृत्त होताना दिलेली घड्याळं असणार. ती नावं तो वहीत लिहून ठेवायचा, आणि सर्वपित्रीला पत्र्यावर सगळ्यांना मिळून एक पान वाढायचा. "मेलेल्याच्या मनगटावरचं काढून खातो आपण. घासभर द्यायला नको?" पानात भात, वडे, आणि कडेला पाव. पाव कशाला, तर त्यांना भाताची सवय नसेल. मी खिडकीतून बघत होते. कावळा आला आणि थेट पाव उचलून गेला. माझ्या अंगावर काटा आला. हा खालून हात जोडून म्हणतो, "हॅरल्ड."

अशा माणसाच्या धंद्यात मी भागीदार झाले. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मागच्या खोलीत जाऊन स्प्रिंगा काढायच्या. घरात कुणाला पत्ता नाही. मला वाटायचं, काय पण बाई आहे मी!

मग थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडं वरमाईच्या कमरेला चांदीचा पट्टा नसला तर बायका हळदीपेक्षा तिच्या कमरेलाच जास्त डोळे लावतात. माझ्याकडं पट्टा होता, सासूबाईंनी दिलेला, पंचवीस तोळ्यांचा. दिल्या दिवसापासून त्या मला ऐकवत आल्या होत्या, "माझे बापानं दिलेलं रुपं हाय ते. दुधासारखं. असलं आता कोन देतंय?"

त्याच सुमाराला पट्टेवाल्याकडं दोन वर्षांचे पापुद्रे साठले होते. त्यात सोनं निम्मंच, बाकी भेसळ, आणि ती भेसळ तेजाबानं सुटत नाही. "तिप्पट चांदीत वितळवलं की सोन्याची पकड सुटते," त्यानं समजावलं. "मग तेजाबात चांदीचं पाणी होतं, सोनं मागं राहतं. नंतर पाण्यातली चांदी परत काढायची. गुंजभर जात नाही." पण त्याची स्वतःची चांदी शेवटची दोन पोती घेण्यात गेली होती.

"माझ्याकडं आहे की," मी म्हटलं.

हे वाक्य मी का बोलले असेन? दोन सोन्याचे मणी मिळणार होते म्हणून. लग्नाला महिना होता. आठ दिवसांत चांदी परत, पुढं सोनार त्याच नक्षीचा नवा पट्टा करून देईल, घरात कुणाला कळणारही नाही. त्यानं मला तीनदा विचारलं, "आईंना सांगितलंत ना?" तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

पट्टा मुशीत गेला, पापुद्र्यांबरोबर वितळला, पाण्यात ओतून त्याचे दाणे झाले, आणि दाणे तेजाबात गेले. संध्याकाळी मी बघायला गेले. बरणीच्या तळाशी चिमूटभर तपकिरी गाळ. ते म्हणे सोनं. ते त्यानं गाळून बाजूला काढलं. आणि माझा पट्टा? दुसऱ्या बरणीत निळं पाणी. नुसतं पाणी! मी बरणी उजेडात धरली, हलवली. पंचवीस तोळ्यांतलं एक कडंसुद्धा दिसेना.

तो मात्र पाण्याच्या रंगाकडं बघत होता. "वहिनी, हे इतकं निळं व्हायला नको होतं. पट्ट्यात तांबं आहे. पापुद्र्यांतलं सोडून नऊ-दहा तोळे सहज."

"माझ्या सासूच्या बापाला खोटं पाडता?"

"मी कुणाला पाडत नाही. पाणी निळं आहे."

घरी येताना मला सगळं लख्ख कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. दहा तोळे खायची तयारी चालली आहे, म्हणून हे आधीच तांब्याचं पालुपद! दुसऱ्या दिवशी तो दापोड्याला गेल्यावर मी त्याच्या खोलीतून बरणी उचलली आणि पदराखाली घालून घरी आणली. माझी चांदी माझ्या ताब्यात. तेवढ्यात ओटीवरून सासूबाईंची हाक आली. बरणी त्यांच्या नजरेला पडली असती तर शंभर प्रश्न. मी मोरीत गेले आणि सगळं पाणी लग्नासाठी घासून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीत ओतलं. जपायचं पाणी तांब्यात ठेवावं, हे माहेरचं वळण! घाईत वाटीभर मोरीत सांडलं, काही हातांवर आलं. जरा चरचरलं. वरून दोन तांबे पाणी ओतलं, कळशीवर झाकण ठेवलं आणि हात पदराला पुसत बाहेर आले. किती चपळ, किती धोरणी!

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना पाहते तर बोटं तपकिरी. दुपारपर्यंत काळी. संध्याकाळी दोन्ही पंजे, मनगटापर्यंत, तव्याच्या बुडासारखे. चिंच लावली, राख लावली, रॉकेल लावलं. जितकं उन्हात घासावं तितकं आणखी काळं. सासूबाईंनी हात धरला.

"ह्या हाताना काय झालं गो?"

"मेंदी लावून बघितली."

"काली मेंदी? कोनाचे मयताला चाललीस?"

मी मोरीकडं धावले आणि कळशीचं झाकण काढलं. आत राखाडी शेवाळ माजलेलं, पाणी आणखी निळंशार, आणि कळशीच्या बुडाला घाम फुटल्यासारखे थेंब. चांदी गेली, कळशी गेली, हात गेले. मी कळशी परातीत ठेवली आणि तशीच मागच्या खोलीत नेली.

त्यानं नेहमीप्रमाणं आधी माझी मनगटं बघितली. "चांदीच्या पाण्याचा डाग हा, कातडी झडेपर्यंत जायचा नाही. बरणी तुम्ही नेलीत होय! मी गोदामात दोन माणसांवर संशय घेऊन आलो." मग परातीत बघितलं आणि हसायलाच लागला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "अहो, मी तांब्याची पट्टीच सोडणार होतो त्या पाण्यात. तांबं दिलं की चांदी बाहेर पडते. हे शेवाळ म्हणजे तुमची चांदी. मी बोटभर पट्टी देणार होतो, तुम्ही आख्खी कळशी दिलीत!"

मी पण हसले. तेवढ्यात त्याचं हसू थांबलं.

"पण वहिनी, आता त्या पाण्यात पट्ट्याचं तांबं किती आणि कळशीचं किती, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चांदी कमी भरली तर मी काय दाखवू?"

शेवाळ धुऊन, वितळवून चांदीचा गोळा झाला. पंधरा तोळे. दहा कमी.

पंधरा तोळ्यांत तसा पट्टा होत नाही, आणि उरलेली चांदी आणायची कुठून, या विचारात दिवस गेले आणि हळदीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, बायका जमलेल्या, आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "पट्टा कुठं हाय?"

इथं मी काय केलं ते लिहायला हात अडतो, पण लिहिते. मी म्हटलं, "साफ करायला मागच्या भाऊंना दिला होता. त्यांनी वितळवला."

ह्यांनी त्याला शेडमध्ये ओढत आणलं. सुताचे कोन तोलायच्या काट्यावर गोळा ठेवला. पंधरा. कारागिरांनी लूम बंद केले आणि भोवती जमले.

"आई, त्यात तांबं होतं," तो सासूबाईंना म्हणाला.

सासूबाईंनी गोळा हातात घेतला. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे बापाचे रुप्यात तांबं? घाटी चोर हाय. काढा त्याला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बरणी मी पळवली, तांब्यात मी ओतली, त्याचा पुरावा मी बुडवला, हे सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. माझे काळे हात तर पुढं होतेच. तो बोलला नाही. ज्याला रिक्षातल्या परक्या बाईचा मुलामा पोटात ठेवता आला नाही, तो माझं नाव पोटात ठेवून उभा. त्याला चोर म्हणवून घेणं काय होतं, ते मला ठाऊक होतं. सात पिढ्यांच्या झारेकऱ्यांत कुणाचं वजन कमी भरलं नाही, एवढी एकच बढाई तो मारायचा. दुपारी टेम्पोत पोती चढवून निघाला. जाताना मागच्या पायरीवर कागदाची पुडी ठेवली. "ठरलं ते ठरलं." आत दोन सोन्याचे मणी.

मी ते उचलले. हो, उचलले! हळद लागली होती, ताशे वाजत होते, आणि मी काळ्या हातांनी पुडी पोलक्यात खोचली.

दिवाळीच्या आधी सासूबाई आणि मी तो गोळा घेऊन सोनाराकडं गेलो. नव्या सुनेसाठी पट्टा करायचा, कमी पडेल ती चांदी विकत घेऊन घालायची. सोनारानं कस लावला, परत लावला. "आजी, ही कुणी काढली? एवढी शुद्ध आमच्याकडं येत नाही."

सासूबाई दुकानातल्या बाकावर बसल्या. गोळा परत मागून घेतला. रिक्षात बसल्यावर, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आठ तोलं तांबं मीच घातलं त्यात."

मी रिक्षाची दांडी धरली.

आमचे हे पाच वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला होता. सासऱ्यांचा भगतावर विश्वास, डॉक्टरला पैसा न्हाय म्हणाले. सासूबाईंनी गुपचूप कल्याणच्या सोनाराकडून पट्ट्यातलं आठ तोळे रुपं काढून घेतलं आणि तेवढंच तांबं घालून घेतलं. वजन सारखं हवं होतं, कारण त्यांचा सासरा दर दिवाळीला सुनांचे दागिने तोलायचा. त्या रुप्यावर इंजेक्शनं झाली. आणि पुढं पंचेचाळीस वर्षं त्या पट्ट्याला जितकं दुधासारखं म्हणत गेल्या, तितकं ते त्यांना खरंच वाटत गेलं.

"त्या दिवशी गोला हातात घेतला तवाच समजलं," त्या म्हणाल्या. "पन एवढ्या बायकांत कशी बोलू? तू बोललीस काय?"

म्हणजे त्यांना माझंही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी दापोड्याला गेलो. चार गोदामं पालथी घातल्यावर तो एका ताडपत्रीखाली पट्टे निवडताना सापडला. वाळला होता. आमच्या मनगटांकडं बघून त्यानं आम्हाला ओळखलं. सासूबाई उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊ, तुझं खरं होतं. तांबं मीच घातलेलं, आठ तोलं."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर हाकलून देईल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आठ? दहा नाही?"

"आठ. सोनारासमोर बसून तोलून घातलं."

"म्हणजे सतरा तोळे चांदी होती. मी पंधरा दिली." तो पोत्यावर बसला. "दोन तोळे माझ्या हातून गेले, आई. लोक चोर म्हणाले ते उगीच नाही."

सहा महिने चोर म्हणवून न वाकलेला माणूस दोन तोळ्यांनी मोडून पडला. ते बघवेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून न विचारता खरं बाहेर पडलं. "भाऊ, ओतताना वाटीभर मोरीत सांडलं. मी सांगितलं नाही."

तो ताडकन उठला. "मोरीत काय धुता तुम्ही?"

"सुकट, बोंबील, आणखी काय?"

"खारवलेले? मग आहे ती तिथंच! मीठ चांदीला हलू देत नाही. फरशीखालच्या वाळूत बसली असेल." घमेलं, छिन्नी आणि हातोडी घेऊन तो रिक्षाकडं चालायलाही लागला. माफी राहिली बाजूला. आम्ही दोघी मागनं धावतोय.

तासाभरात आमच्या मोरीची फरशी उचकटली होती. तो आत गुडघ्यावर बसून वाळू उपसत होता, मी घमेली बाहेर नेत होते, आणि सासूबाई मोरीच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसल्या होत्या. ठोकाठोकी ऐकून शेजारणी जमल्या, शेडमधले दोन कारागीर आले, आणि त्यांच्या मागून आमचे हे. दारात उभे राहून ओरडले, "ह्या चोराला परत घरात कुणी घेतला?"

"मी घेतला," सासूबाई म्हणाल्या. मानही वर केली नाही. "आनि पट्ट्यात तांबं पन मीच घातलं, तुझे तापाचे इंजेक्शनाला. आता बाजूला हो. त्याचा उजेड अडवू नको."